निवृत्तिवेतन, नवी नोकरी आणि अनपेक्षित आयकर

शासकीय सेवेतून वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणारे अनेक कर्मचारी आज स्वस्थ बसत नाहीत. कोणी सहकारी साखर कारखान्यात लेखापाल म्हणून जातो, कोणी खाजगी महाविद्यालयात शिकवतो, कोणी पतसंस्थेचे व्यवस्थापन पाहतो. अनुभवाचा समाजाला उपयोग होतो आणि संसारालाही हातभार लागतो. परंतु निवृत्तिवेतन आणि पगार अशी दोन उत्पन्ने एकाच घरात येऊ लागली, की पुढच्या वर्षी आयकर विवरणपत्र भरताना मोठी रक्कम देणे निघते. "दोन्हीकडे कर कापला जातो अशी माझी समजूत होती," हे उद्गार अशा वेळी हमखास ऐकू येतात. ही थकबाकी का निर्माण होते, निर्माण झाल्यास काय करावे आणि ती टाळावी कशी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

थकबाकीचे मूळ

आयकराच्या दृष्टीने निवृत्तिवेतन हे वेतनच होय. त्यामुळे निवृत्तिवेतन देणारे कोषागार वा बँक आणि पगार देणारी संस्था या दोघांवरही उगमस्थानी करकपात करण्याची जबाबदारी असते. व्यवहारात हिलाच टीडीएस म्हणतात. अडचण अशी, की एकाला दुसऱ्याची माहिती नसते. दोघेही आपण देत असलेली रक्कम हेच त्या व्यक्तीचे संपूर्ण उत्पन्न मानतात. करमुक्त मर्यादा, प्रमाणित वजावट आणि कर सवलत या तिन्हींचा लाभ दोन्हीकडे स्वतंत्रपणे दिला जातो. कायद्याप्रमाणे मात्र हे लाभ एका व्यक्तीला वर्षातून एकदाच, आणि तेही एकूण उत्पन्नावर मिळतात.

एक उदाहरण पाहू. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये एका निवृत्त अधिकाऱ्याला दरमहा ५०,००० रुपये निवृत्तिवेतन मिळाले आणि खाजगी संस्थेकडून दरमहा ७०,००० रुपये पगार मिळाला, असे समजा. त्याने नवी करप्रणाली स्वीकारली आहे. कोषागाराच्या हिशेबी त्याचे वार्षिक उत्पन्न ६,००,००० रुपये. ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाता ५,२५,००० रुपये उरतात. संस्थेच्या हिशेबी ८,४०,००० रुपयांतून तेवढीच वजावट जाता ७,६५,००० रुपये राहतात. बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर या वर्षी पूर्ण सवलत असल्याने दोन्हीकडील करकपात शून्य!

आता दोन्ही रकमा एकत्र करू. एकूण १४,४०,००० रुपयांतून प्रमाणित वजावट एकदाच वजा होऊन १३,६५,००० रुपये करपात्र ठरतात. पहिल्या चार लाखांवर कर नाही. पुढील चार लाखांवर ५ टक्क्यांप्रमाणे २०,००० रुपये, त्यापुढील चार लाखांवर १० टक्क्यांप्रमाणे ४०,००० रुपये आणि उरलेल्या १,६५,००० रुपयांवर १५ टक्क्यांप्रमाणे २४,७५० रुपये, असा ८४,७५० रुपये कर होतो. त्यावर ४ टक्के उपकर धरला की एकूण देणे ८८,१४० रुपये. उत्पन्न बारा लाखांच्या बरेच पुढे गेल्यामुळे सवलत मिळत नाही. म्हणजे कोणीही लबाडी केलेली नसताना, दोन्ही कार्यालयांनी आपापल्या परीने चोख हिशेब केलेला असताना, जवळजवळ पावणेदोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाएवढी रक्कम एकदम भरण्याची पाळी येते.

कुटुंब निवृत्तिवेतनाचा वेगळा नियम

पतीच्या वा पत्नीच्या निधनानंतर मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन मात्र वेतन समजले जात नाही. त्याची गणना इतर मार्गांनी मिळणाऱ्या उत्पन्नात होते, म्हणून त्यातून वेतनाप्रमाणे करकपात होत नाही. त्यावर एक-तृतीयांश रक्कम किंवा ठरावीक मर्यादा, यांपैकी जी कमी असेल तेवढी वजावट मिळते. ही मर्यादा जुन्या प्रणालीत १५,००० रुपये आणि नव्या प्रणालीत आर्थिक वर्ष २०२४-२५ पासून २५,००० रुपये आहे. स्वतः नोकरी करणाऱ्या विधवा भगिनींना याच कारणाने थकबाकीला तोंड द्यावे लागते. त्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

व्याजाचा प्रश्न

वर्षाचा शिल्लक कर १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक असेल, तर तो आगाऊ कर म्हणून जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च या महिन्यांच्या १५ तारखेपर्यंत चार हप्त्यांत भरावा लागतो. न भरल्यास व्याज लागते. वरील उदाहरणातील अधिकारी साठ वर्षांच्या आतला असेल आणि त्याने जुलै महिन्यात कर भरला, तर व्याजापोटी आणखी सुमारे आठ हजार रुपये द्यावे लागतील.

साठ वर्षे पूर्ण केलेल्या निवासी ज्येष्ठ नागरिकांना, त्यांचे धंद्याचे वा व्यवसायाचे उत्पन्न नसेल तर, आगाऊ कर भरण्यापासून सूट आहे. त्यांनी विवरणपत्र भरण्यापूर्वी, मुदतीच्या आत, स्वयंनिर्धारण कर भरला की पुरे. मात्र संस्थेने पगाराऐवजी सल्लागार म्हणून मानधन दिले, तर ते व्यवसायाचे उत्पन्न ठरू शकते आणि ही सूट हातची जाते. नेमणुकीचा कागद म्हणूनच नीट वाचावा.

थकबाकी निघाल्यास काय करावे?

प्रथम घाबरून जाऊ नये. कोषागाराचा वा बँकेचा फॉर्म १६, संस्थेचा फॉर्म १६, फॉर्म २६ एएस आणि वार्षिक माहिती विवरण ही कागदपत्रे समोर ठेवून उत्पन्नाची आणि कापलेल्या कराची बेरीज करावी. शासकीय सेवेतील निवृत्तीच्या वेळी मिळालेले उपदान, निवृत्तिवेतनाच्या अंशराशीकरणाची रक्कम आणि अर्जित रजेचे रोखीकरण करमुक्त असते. ते चुकून उत्पन्नात धरलेले नाही ना, हे पाहावे. मागील वर्षांची थकीत वेतनवाढ वा निवृत्तिवेतनातील फरक एकदम मिळाला असेल, तर फॉर्म १० ई भरून त्याबद्दलची सवलत मागता येते. जुन्या आणि नव्या अशा दोन्ही प्रणालींनी हिशेब करून लाभदायक ती निवडावी. त्यानंतर येणारी रक्कम आयकर विभागाच्या संकेतस्थळावरून भरावी आणि मगच विवरणपत्र सादर करावे.

विवरणपत्र दिल्यानंतर विभागाकडून मागणीची सूचना आली, तर तिच्यावरील दस्तऐवज ओळख क्रमांक संकेतस्थळावर पडताळून पाहावा. १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रव्यवहारावर असा क्रमांक असतो. दूरध्वनीवरून ओटीपी किंवा बँक खात्याचा तपशील विचारणाऱ्यास काहीही सांगू नये. मागणी चुकीची वाटल्यास संकेतस्थळावर असहमती नोंदवून दुरुस्तीचा अर्ज करावा. मागणी बरोबर असल्यास ती तीस दिवसांत भरावी. त्यानंतर दरमहा एक टक्का व्याज लागते. एकरकमी भरणे शक्य नसेल, तर मुदत संपण्यापूर्वीच निर्धारण अधिकाऱ्याकडे मुदतवाढीचा किंवा हप्त्यांचा अर्ज करता येतो. मौन बाळगणे मात्र सर्वांत महाग पडते.

आधीच घ्यावयाची दक्षता

हा सारा त्रास टाळण्याचा उपाय सोपा आहे. एकाच वेळी दोन ठिकाणांहून वेतन मिळत असेल, तर दुसरीकडील उत्पन्नाची आणि करकपातीची माहिती आपल्या पसंतीच्या एका ठिकाणी लेखी देण्याची सोय कायद्याने केलेली आहे. ती मिळाल्यावर ते कार्यालय एकत्रित उत्पन्नावर कर काढते आणि दरमहा थोडा थोडा कापते. वरील अधिकाऱ्याने एप्रिलमध्येच नव्या संस्थेला आपले निवृत्तिवेतन कळविले असते, तर महिन्याला ७,३४५ रुपये कापले गेले असते आणि वर्षअखेर एक रुपयाही देणे राहिले नसते. व्याजाचा तर प्रश्नच आला नसता.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे. त्यामुळे कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलतात. येथे दिलेले दर आणि नमुने आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. पुढील वर्षांसाठी चालू दर पाहूनच हिशेब करावा. सर्व उत्पन्न एकत्र धरूनच कर आकारला जातो, हे तत्त्व मात्र कायम आहे.

निवृत्तीनंतर नव्या नोकरीचा पहिला पगार हाती येईल त्याच महिन्यात आपल्या निवृत्तिवेतनाचा तपशील नव्या कार्यालयाच्या लेखा शाखेत लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. एका कागदाचे हे काम असले, तरी कष्टाने जमविलेल्या शिलकीला अवचित हात लावण्याची वेळ त्यामुळे टळते.