लसीच्या शीतकपाटावरील पहारा

बालकास द्यावयाची लस प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचली म्हणजे काम संपले असे नव्हे. तेथे ती २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच राहावी लागते. तोंडावाटे देण्याची पोलिओ लस उष्णतेने निकामी होते, तर कावीळ-ब व पेंटाव्हॅलंट या लसी गोठल्याने. गोठून पुन्हा वितळलेली कुपी वरवर पाहता चांगलीच दिसते, हा खरा धोका होय.

पूर्वी दिवसातून दोनदा तापमापक पाहून वहीत नोंद होई. रात्री वीज गेली तर काय घडले, हे वही सांगत नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्र शासनाने २०१५ पासून संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘ई-विन’ ही प्रणाली टप्प्याटप्प्याने आणली. शीतकपाटातील संवेदक तापमान आपोआप कळवितो आणि मर्यादा ओलांडताच संबंधितांच्या भ्रमणध्वनीवर इशारा येतो. लसीकरण सत्रानंतर कर्मचारी लससाठ्याची नोंदही भ्रमणध्वनीवरूनच करतो.

साठानोंदवही मात्र सुटली नाही. एकच आकडा दोनदा लिहिण्याचा कंटाळा येणे स्वाभाविक आहे. वरिष्ठ तो आकडा पाहून वेळेवर लस पाठवितात, असा अनुभव आला तरच कर्मचारी नोंद मनापासून करील. केवळ परिपत्रकाने ते साधणार नाही.

शिवाय रात्री इशारा आला तर केंद्राची किल्ली कोणाकडे आहे, जनित्रात डिझेल आहे काय, हे यंत्र पाहत नाही. रुग्ण कल्याण समितीत पंचायतीचेही प्रतिनिधी असतात; त्यांनी पुढील बैठकीत हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत.