डोव्हरच्या बिशपांचें पद

इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर डोव्हर नांवाचें बंदर आहे. तेथें कॅथीड्रल नाहीं, तरी ‘डोव्हरचे बिशप’ हें पद फार जुनें आहे. हे बिशप कँटरबरीच्या आर्चबिशपांचे सहायक होत. अशा सहायकांस सफ्रगन बिशप म्हणतात. आर्चबिशपांस साऱ्या चर्चची काळजी वाहावी लागते. सबब कँटरबरी धर्मप्रांतांतील मंडळ्यांचा नित्याचा कारभार डोव्हरच्या बिशपांकडे सोंपविण्याची रीत पडली.

हें पद निर्माण कसें झालें? पूर्वी पोप अशा सहायकांस दूरदेशच्या नगरांचे नाममात्र बिशप नेमीत. आठव्या हेन्रीनें रोमशीं संबंध तोडला, तेव्हां 1534 सालीं पार्लमेंटनें कायदा करून इंग्लंडांतीलच 26 ठिकाणें या पदांसाठीं ठरविलीं. धर्मप्रांताच्या बिशपांनीं दोन नांवें सुचवावीं व राजानें त्यांतून एक निवडावें, असा नियम झाला.

1537 सालीं रिचर्ड यिंगवर्थ हे डोव्हरचे पहिले बिशप झाले. ते स्वतः डोमिनिकन संघाचे. परंतु राजाज्ञेनें भिक्षूंचे मठ बंद करण्याचें काम त्यांनींच केलें. त्यांच्यामागून आलेले रिचर्ड थॉर्नडेन मेरी राणीच्या अमदानींत प्रॉटेस्टंटांच्या छळांत सामील झाले. तिसरे रिचर्ड रॉजर्स यांनीं त्याच छळामुळें देशत्याग केला होता. पुढें 1569 पासून 1597 पर्यंत तेच या आसनावर बसले! छळ करणारा व छळ सोसणारा, दोघांचें पद एकच.

रॉजर्स वारल्यावर सुमारें पावणेतीनशें वर्षें हें पद रिकामें राहिलें. कायदा मात्र जिवंत होता. लोकवस्ती व काम वाढल्यावर 1870 सालीं त्याच जुन्या कायद्यान्वयें एडवर्ड पॅरी यांची नेमणूक झाली. 2019 सालीं जमैकांत जन्मलेल्या रोझ हडसन-विल्किन या पदावर आल्या. चर्च ऑफ इंग्लंडमध्यें बिशप झालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णी स्त्री होत.

विद्यार्थिमित्रहो, पदाबरोबर अधिकार मिळतो, शील मिळत नाहीं. तें ज्याचें त्यानेंच आणावें लागतें. आज वर्गांत मॉनिटर असणाऱ्यानें व उद्यां कचेरींत दुसऱ्याच्या हाताखालीं काम करणाऱ्यानें थॉर्नडेन व रॉजर्स हीं दोन नांवें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं. वरिष्ठांची आज्ञा आली असतां आपण कोणाच्या बाजूस उभे राहतों, यावरूनच आपली पारख होते.