टर्बोमधील दाबाची उसळी आणि दोन नळ्या

एंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूत उष्णता असते, वेगही असतो, आणि सामान्य मोटारीत ती शक्ती धुराड्यावाटे वाया जाते. या वायूने एक लहानसे टरबाइन फिरवावे आणि त्याच आसावर बसविलेल्या संपीडकाने बाहेरची हवा दाबून एंजिनात कोंबावी, ही कल्पना आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली पेटंटच्या रूपाने मांडली. ती प्रथम रुजली मोठ्या डिझेल एंजिनांत. प्रवासी मोटारीपर्यंत येण्यास तिला १९६२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोलेट कॉर्व्हेअरची टर्बो आवृत्ती अशा दोन गाड्या विक्रीस आल्या.

या यंत्राची खरी अडचण ते चालू करण्याची नसून त्याला आवरण्याची आहे. अधिक हवा आत गेली की अधिक इंधन जळते, अधिक वायू बाहेर पडतो, टरबाइन अधिक वेगाने फिरते आणि पुन्हा अधिक हवा आत ढकलली जाते. हे चक्र कोठेतरी तोडले नाही तर शेवट एंजिनाच्या नाशात होतो. कॉर्व्हेअरमध्ये दाब आवरण्याचे काम धुराड्याच्या अडथळ्यावर सोपविलेले होते. जेटफायरमध्ये मात्र त्यासाठी वेगळी झडप होती, आणि पुढे हाच मार्ग रूढ झाला. या झडपेस वेस्टगेट म्हणतात. तिला जोडलेल्या डबीत एक पडदा व एक स्प्रिंग असते. संपीडकाचा दाब एका बारीक रबरी नळीने या डबीत पोचतो. तो स्प्रिंगच्या जोराहून वाढला की पडदा सरकतो, दांडी पुढे जाते, झडप उघडते आणि काही वायू टरबाइनला वळसा घालून निघून जातो. म्हणजे एंजिनाची सुरक्षितता पेन्सिलीएवढ्या जाडीच्या त्या नळीवर अवलंबून असते.

दुसरी झडप निराळ्या कामाची आहे. चालकाने गिअर बदलण्यासाठी पाय उचलला की थ्रॉटल मिटते. पण मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेणारे चाक तसे एकाएकी थांबत नाही. दाबलेली हवा बंद दारावर आपटते व संपीडकाच्या पात्यांवर उलट येते. पारव्याच्या पंखांच्या फडफडीसारखा एक आवाज येतो तो याचाच. ही हवा सोडून देण्यासाठी संपीडक व थ्रॉटल यांच्या मध्ये ब्लो-ऑफ झडप बसवितात. तिच्या माथ्यावरील कप्प्याची नळी थ्रॉटलच्या पलीकडे, मॅनिफोल्डला जोडलेली असते. थ्रॉटल मिटताच मॅनिफोल्डमध्ये निर्वात होतो आणि तो झडपेला वर ओढतो. गाडी जोरात असताना झडपेच्या खाली व वर जवळजवळ सारखाच दाब असतो. केवळ स्प्रिंगच्या थोड्याशा अधिक जोरावर ती मिटून राहते. हा समतोल नाजूक आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे, कारण पुढील सारे घोटाळे त्यातूनच उद्भवतात.

आता उसळीकडे वळू. समजा, दाब ०.७ बार ठेवलेला आहे; एक बार म्हणजे सुमारे एका वातावरणाचा दाब. चालक गिअर बदलून पुन्हा पाय दाबतो, गेजचा काटा क्षणभर १.० च्या पुढे जातो आणि परत ०.७ वर येऊन स्थिरावतो. ही उसळी. काटा परत न येता एंजिनाच्या गतीबरोबर हळूहळू चढतच राहिला, तर तो निराळा दोष होय. बहुधा वेस्टगेटची वाटच अपुरी असते आणि वायू पुरेसा वळत नाही. तेथे नळ्या बदलून काही साधत नाही. काटा थेट वर जाऊन थांबतच नसेल, तर डबीपर्यंत दाब पोचत नाही किंवा झडपच अडकली आहे असे समजून गाडी तेथेच उभी करावी. क्षणाची उसळी निरुपद्रवी मानणारे पुष्कळ आहेत. मला ते मान्य नाही. जादा दाबाने सिलिंडरातील मिश्रण वेळेपूर्वी व अनियंत्रितपणे पेट घेते, एंजिन ठोके देऊ लागते, आणि अशा ठोक्यांनी दट्ट्याचा काठ तुटण्यास किंवा त्याला भोक पडण्यास फार वेळ लागत नाही.

गॅरेजात वारंवार दिसणारा प्रसंग असा. मालकाने हौसेने मोठ्या आवाजाची ब्लो-ऑफ झडप बसविली. तिच्या माथ्याला नळी हवी म्हणून मॅनिफोल्डमधून निघणाऱ्या एकाच नळीला टी जोड घालून एक फाटा नव्या झडपेला व दुसरा वेस्टगेटच्या डबीला दिला. दुसऱ्या दिवसापासून काटा उसळू लागला. झडप सदोष ठरली, दुसरी आणली, तरीही तेच. मग संशय टर्बोवर गेला, आणि तो बदलण्याचा खर्च साऱ्या हौसेच्या अनेक पट होता.

दोष ना झडपेत होता, ना टर्बोत. गिअर बदलताना त्या सामाईक नळीत सर्वत्र निर्वात होतो. थ्रॉटल पुन्हा उघडते तेव्हा चाक फिरतच असते, त्यामुळे संपीडकाजवळ दाब तत्काळ चढतो. परंतु वेस्टगेटला ती वार्ता मिळण्यापूर्वी लांबलचक नळी आणि ब्लो-ऑफ झडपेचा कप्पा, दोन्ही हवेने भरावे लागतात. तेवढ्या विलंबात काटा पुढे निघून जातो. शिवाय थ्रॉटल अर्धे उघडे असताना मॅनिफोल्डमधील दाब संपीडकाजवळील दाबापेक्षा कमीच असतो, म्हणून वेस्टगेटला खरी परिस्थिती कधीच कळत नाही. उपाय सोपा व स्वस्त आहे. वेस्टगेटची नळी संपीडकाच्या कवचावरील टोटीपासून थेट, आखूड आणि जाड भिंतीची घ्यावी. ब्लो-ऑफ झडपेची नळी मॅनिफोल्डपासून स्वतंत्र आणावी, आणि तिच्यात गेजशिवाय दुसरा वाटेकरी नसावा.

उलट चूकही होते. ब्लो-ऑफ झडपेची नळी थ्रॉटलच्या अलीकडे जोडली तर तिला निर्वात मिळतच नाही. झडप उघडत नाही आणि पाय उचलताच फडफड ऐकू येते. नळी निसटली तर वरचा आधार जातो, खालचा दाब झडप उचलतो व गाडी मंदावते. बाहेर सोडलेल्या हवेचा फुसकारा तरुणांना आवडतो खरा, पण हवा मोजणारे मीटर असलेल्या गाडीत ती हवा आधीच मोजली गेलेली असते. तिच्या हिशेबाने पेट्रोल जाते आणि गाडी काळा धूर टाकीत अडखळते. कारखान्यातून येणाऱ्या गाड्यांत ती हवा मीटर व संपीडक यांच्या मध्ये परत सोडलेली असते, ती याच कारणासाठी.

फोक्सवॅगन समूहाच्या १.८ लिटर टर्बो पेट्रोल एंजिनात आणखी एक पायरी होती. संपीडक आणि वेस्टगेटची डबी यांच्या मध्ये तीन तोंडांची विद्युत् झडप असे. एक तोंड संपीडकाकडे, दुसरे डबीकडे, तिसरे हवा आत येण्याच्या पाइपाकडे. संगणक या तिसऱ्या वाटेने थोडी हवा सोडून डबीपर्यंत पोचणारा दाब कमी करी आणि त्यायोगे मोटारीचा दाब वाढवी. येथे डबीची नळी चिरली की उसळी येते, संगणक शक्ती तोडतो, आणि मिस्त्री विजेच्या तारा तपासत बसतो.

तपासणी एंजिन थंड असताना करावी. नळीची टोके बोटांनी वाकवून पाहावीत. चीर बहुधा क्लिपच्या खाली लपलेली असते, आणि तेलाने मऊ पडलेले रबर दाबाखाली फुगते. हातपंपाने वेस्टगेटच्या डबीत दाब भरावा. स्प्रिंगच्या ठरावीक दाबाला दांडी हलू लागली पाहिजे व दाब टिकला पाहिजे. तो उतरला तर पडदा फाटला आहे. ब्लो-ऑफ झडपेच्या टोटीवर निर्वाताचा पंप लावून ती उघडते आणि उघडी राहते की नाही हे पाहावे. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही.

आपल्या देशात टर्बोची ओळख प्रामुख्याने डिझेल गाड्यांतून झाली. पारंपरिक डिझेल एंजिनात हवा अडविणारे थ्रॉटल नसल्याने ब्लो-ऑफ झडपेची गरज पडत नाही. म्हणून डिझेलवर हात बसलेला कुशल मिस्त्रीही पेट्रोल गाडीतील दुसऱ्या नळीपाशी अडखळतो, यात नवल नाही. अलीकडच्या अनेक पेट्रोल गाड्यांत वेस्टगेट विजेच्या मोटरीने व हवा सोडणारी झडप विजेच्याच संदेशाने चालते. तेथे या दोन्ही नळ्या सापडणार नाहीत आणि संगणकातील नोंदीपासूनच सुरुवात करावी लागेल.

नळ्या नीट जोडल्यावर, मोकळ्या व सुरक्षित जागी, गेजकडे दुसऱ्या माणसाने पाहत असताना, आधी अर्ध्या थ्रॉटलवर आणि मगच पूर्ण थ्रॉटलवर गिअर बदलून पाहावे. तरीही काटा उसळला तर पाय लगेच काढावा आणि वेस्टगेटची दांडी गंजून जड झाली आहे का, ते एंजिन पूर्ण निवल्यावर हाताने हलवून पाहावे.