गोळीचा खंड आणि गावाची धास्ती

प्रश्न : दोन वर्षे एआरटी केंद्रातून एचआयव्हीवरील गोळ्या घेतो. प्रकृती उत्तम आहे, म्हणून हल्ली मधूनमधून खंड पडतो. समुपदेशक सहबाधितांच्या गटात या म्हणतात. पण गावात बोभाटा होईल अशी धास्ती वाटते. जावे का?

उत्तर : अवश्य जावे, परंतु प्रथम खंडाविषयी. रक्तात विषाणू सापडेनासा झाला तरी काही पेशींत तो सुप्तावस्थेत दबा धरून असतो, आणि औषध सुटले की बहुधा काही आठवड्यांतच पुन्हा वाढू लागतो. शिवाय अर्धवट मात्रेच्या सान्निध्यात वाढलेला विषाणू त्या औषधाला न जुमानणारा निपजण्याचा संभव असतो. हे डॉक्टरही सांगतात. परंतु लग्नघरी गोळी नातलगांच्या दृष्टीआड कशी घ्यावी, ऊसतोडीसाठी परजिल्ह्यात जाण्यापूर्वी जादा गोळ्यांची तजवीज कशी करावी, हे ज्ञान केंद्राच्या दप्तरात नव्हे, तर तो प्रसंग स्वतः निभावलेल्या माणसापाशीच सापडते. बोभाट्याविषयी म्हणाल, तर विश्वासाने कळलेली दुसऱ्याच्या बाधेची माहिती संमतीवाचून उघड करण्यास एचआयव्ही-एड्सविषयीच्या २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे. तथापि कायद्याने सर्वच जिभांना लगाम बसतो असे नाही, म्हणून शेजारच्या तालुक्यातला गट निवडलात तरी हरकत नाही. आजची गोळी मात्र बैठकीच्या तारखेवर ठेवू नका, आणि किती मात्रा हुकल्या हे केंद्रात निःसंकोच सांगून विषाणूभाराच्या तपासणीविषयी विचारा.