चिकित्सेचे चार पाद आणि त्यांचे एकत्र शिक्षण

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या, म्हणजे खुड्डाकचतुष्पाद अध्यायात भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाद वर्णिले आहेत. प्रत्येकाचे चार गुण, असे एकूण सोळा. विद्यार्थिदशेत आपण सर्वांनी हे मुखोद्गत केले आहे. वैद्याचे प्राधान्य सिद्ध करण्यासाठी त्याच अध्यायातील कुंभाराचा दृष्टान्तही आवर्जून दिला जातो: कुंभार नसेल तर माती, चाक व दंड असूनही घट होत नाही. हे सत्यच आहे. परंतु माती कशी आहे हे कुंभाराने कधी पाहिलेच नाही, तर घटाचे काय होते, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो.

वैद्य महाविद्यालयात शिकतो, औषधविक्रेता दुकानात किंवा औषधनिर्माणशास्त्राच्या वर्गात, आणि पंचकर्मातील साहाय्यक बहुधा काम करता करता. चौथा पाद असलेल्या रुग्णाला तर कोणी काही शिकवतच नाही. एकाच रुग्णासाठी झटणारे हे सर्वजण शिक्षणकाळात परस्परांना एकदाही भेटत नाहीत. प्रस्तुत लेखाचा विषय हीच उणीव आहे.

पाश्चात्त्य वैद्यकात या प्रश्नाचा विचार बराच पूर्वी सुरू झाला. स्वीडनमधील लिंकोपिंग येथे १९८६ पासून वैद्यक, परिचर्या, भौतिकोपचार आदी शाखांच्या विद्यार्थ्यांना आरंभीचा काही काळ एकत्र शिकवण्याची पद्धत सुरू झाली. १९९६ मध्ये तेथेच एक शिक्षणकक्ष उघडण्यात आला. त्यात विविध शाखांचे विद्यार्थी मिळून, अनुभवी व्यक्तींच्या देखरेखीखाली, प्रत्यक्ष रुग्णांची काळजी घेत. जागतिक आरोग्य संघटनेने १९८८ व पुन्हा २०१० मध्ये या विषयावर अहवाल प्रसिद्ध केले. एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसमवेत शिकणे, असे या शिक्षणाचे स्वरूप सांगितले जाते. यातील ‘एकमेकांकडून’ हा भाग आपल्याला सर्वांत जड जातो. दुकानदाराकडून शिकायचे, हे आपल्यातील अनेक वैद्यांच्या पचनी पडत नाही, आणि पंचकर्मगृहातील मावशींकडून तर नाहीच.

गुळवेलीचे उदाहरण घेऊ. कोविडच्या साथीत घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत यकृतविकाराचे सहा रुग्ण आढळले. त्यांच्या वृत्तान्तात गुळवेलीचे सेवन होते. २०२१ मध्ये तो अहवाल प्रसिद्ध झाला आणि वाद पेटला. आयुष मंत्रालयाने निष्कर्षावर आक्षेप घेतला. पुढे २०२२ मध्ये मंत्रालयाने असे सांगितले की, टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही शास्त्रोक्त गुळवेल असून तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा हानिकारक ठरू शकते. त्याच वर्षी अनेक केंद्रांतील रुग्णांची मोठी मालिकाही प्रसिद्ध झाली. स्वप्रतिकारक यकृतविकाराची प्रवृत्ती असलेल्यांत गुळवेलीने तो विकार उघड होत असावा, असे तीत मत मांडले गेले.

या वादाचा निवाडा करणे हा आमचा हेतू नाही. एवढेच पाहावे की, अशा रुग्णासंबंधी जे जाणून घ्यायचे असते ते चार ठिकाणी विखुरलेले असते. खोड कोणते होते? क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात. हे ओळखण्याची दृष्टी वनस्पती हाताळणाऱ्या विक्रेत्याकडे असते. किती दिवस व कोणत्या मात्रेत घेतले, हे रुग्णाच्या घरच्यांना ठाऊक असते. पूर्वी कोणता विकार होता, हे त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांना. गुळवेल या रुग्णास या ऋतूत योग्य होती काय, हे वैद्याला. हे चौघे एकत्र बसत नाहीत, आणि मग एका पक्षाला औषधच दोषी दिसते तर दुसऱ्याला टीकाकार.

नित्य व्यवहारातही असे घडते. ‘ब्राह्मी’ या नावाने कोठे बाकोपा मोनिएरी मिळते, तर कोठे सेंटेला एशियाटिका, म्हणजे आपली मंडूकपर्णी. शंखपुष्पीचीही तीच गत: दक्षिणेत अनेक ठिकाणी त्या नावाने गोकर्ण दिली जाते. आमच्या भागातील तीन विक्रेत्यांसमवेत आम्ही एका संध्याकाळी जुनी व्यवस्थापत्रे वाचायला बसलो, तेव्हा आम्ही लिहिलेली ‘ब्राह्मी’ दोघांनी निरनिराळी समजून दिल्याचे लक्षात आले. चूक त्यांची नव्हती. आम्ही कधी स्पष्ट लिहिलेच नव्हते. किती वर्षे हे चालले, याचा हिशेब करण्याचे धैर्य त्या संध्याकाळी आमच्यात नव्हते.

त्याच बैठकीत एका विक्रेत्याने ज्येष्ठमधाविषयी विचारले. ज्येष्ठमधाच्या दीर्घकाळ व अधिक मात्रेतील सेवनाने शरीरात सोडियम व पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. मूत्रल गोळ्या किंवा डिगॉक्सिन घेणाऱ्या रुग्णात हे धोक्याचे आहे. रुग्ण त्या गोळ्या त्याच दुकानातून नेत असे. आम्हाला त्याने सांगितले नव्हते. चरकाने रुग्णाच्या गुणांत ज्ञापकत्व, म्हणजे आपली अवस्था नीट सांगता येणे, गणले आहे. परंतु जे विचारले जात नाही ते रुग्ण सहसा सांगत नाही, आणि विचारावयास आपण विसरतो तेव्हा विक्रेताच आठवण देऊ शकतो. शेड्यूल ई (१) मधील वत्सनाभ, भल्लातक आदी विषारी द्रव्यांचा समावेश असलेल्या पोटात घेण्याच्या औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना असते. ती वाचून दाखवणारा शेवटचा माणूसही विक्रेताच.

उपस्थात्याविषयी वेगळे सांगावयास हवे. वमनात जघन्य, मध्यम व प्रवर शुद्धीचे अनुक्रमे चार, सहा व आठ वेग आपण शिकतो. ते मोजते कोण? वैद्य क्षणभर बाहेर गेला असता रुग्णाचे डोके धरून उभी असलेली साहाय्यिका. अतियोगाची लक्षणे तिला सांगितली नसतील, अथवा सांगितली असूनही वैद्यास हाक मारण्याची तिची हिंमत होत नसेल, तर तिचे दाक्ष्य निष्फळ ठरते. ‘वैद्यराज, थांबा’ हे म्हणण्याचा सराव तिला शिकत असतानाच, विद्यार्थी वैद्याच्या उपस्थितीत, व्हावयास हवा. नंतर तो होत नाही.

आमची सूचना मर्यादित आहे. आंतरवासितेतील प्रत्येक विद्यार्थ्याने किमान एक आठवडा औषधालयात उभे राहावे, कच्ची द्रव्ये हाताळावीत, आलेली व्यवस्थापत्रे वाचावीत. विक्रेत्यांनी दरमहा एक दुपार वैद्याच्या बाह्यरुग्ण विभागात बसावे. पंचकर्मगृहात दर शोधनकर्मानंतर वैद्य, विद्यार्थी व साहाय्यिका यांनी दहा मिनिटे एकत्र बसून काय दिसले ते सांगावे, आणि बोलण्याचा प्रारंभ साहाय्यिकेने करावा. शेवटच्या अटीबाबत आम्ही आग्रही आहोत. वैद्य आधी बोलला की पुढे कोणी काही निराळे सांगत नाही, असा आमचा अनुभव आहे. व्यवस्थापत्र-वाचनाची बैठक जे सभासद आपल्या तालुक्यात सुरू करतील, त्यांनी पहिल्या बैठकीस ‘ब्राह्मी’ व ‘शंखपुष्पी’ची प्रत्येक दुकानातील पुडी सोबत आणावी आणि त्या एकाच टेबलावर उघडाव्यात.