मिरचीचं बी उगवेना? वाफा मोडण्याआधी हे तपासा



या महिन्याचा पाठ मिरचीच्या रोपाचा आहे. सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या आधी आपल्या एका गटातल्या ताईंनी उन्हाळी मिरचीचं रोप टाकलं. गटातून 2,000 रुपये अंतर्गत कर्ज घेऊन संकरित बियाण्याची पाकिटं आणली होती. थोडी रोपं स्वतः लावायची, बाकी गावातच विकायची, असा हिशोब होता. नऊ दिवस झाले तरी वाफ्यावर हिरवा ठिपका दिसेना. त्यांनी मला बोलावलं. मी समाजकार्य शिकलेली, शेती नाही. तरी सांगून बसले, "पाणी वाढवा." ताईंनी सकाळ-संध्याकाळ पाणी दिलं आणि बाराव्या दिवशी वैतागून वाफा मोडला. माती उकरली तेव्हा काही बियांना पांढरे मोड आलेले दिसले, बऱ्याच सडून गेल्या होत्या. बियाणं चांगलं होतं. थंडी होती, आणि माझा सल्ला चुकला होता. कर्ज मात्र ताईंना मजुरीच्या पैशातून फेडावं लागलं.

त्यानंतर कृषी सखी आणि जाणत्या बायकांकडून जे शिकले, ते इथे देते.

1. दिवस मोजण्याआधी थंडी बघा

मिरचीच्या बियाला ऊब लागते. मातीच्या उबेप्रमाणे उगवायला लागणारे दिवस साधारण असे:

- 25 ते 30 अंश: 8 दिवस
- 20 अंश: 13 दिवस
- 15 अंश: 25 दिवस
- 10 अंश: उगवतच नाही

परभणीकडे थंडीत रात्रीचा पारा कधी कधी 10 अंशांच्या खाली जातो. म्हणून जूनमध्ये आठ-दहा दिवसांत वर येणारं बी जानेवारीत पंधरा-वीस दिवसही घेतं. यावर उपाय सोपा आहे. वाफ्यावर कामट्यांची कमान करा आणि रात्री प्लॅस्टिक किंवा जुनी साडी टाका. ऊन आलं की काढा. ट्रेमध्ये बी टाकलं असेल तर रात्री ट्रे घरात घ्या.

2. बी खोल गेलं का?

अर्धा ते एक सेंटिमीटर पुरे. करंगळीच्या नखापेक्षा खोल नको. खोल गेलेल्या बियाचा जोर वर येईपर्यंतच संपतो.

3. पाणी जास्त झालं का?

माती ओलसर हवी, चिखल नको. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. थंडीत पाणी सकाळी ऊन आल्यावर झारीने द्या. रात्रभर टाकीत गार झालेलं पाणी आणि संध्याकाळचं पाणी टाळा.

4. मातीवर पापडी धरली का?

आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की कडक होते. कोवळा मोड ती फोडू शकत नाही. म्हणून गादीवाफा करा आणि वरच्या थरात चांगलं कुजलेलं, चाळलेलं शेणखत मिसळा. ताजं शेण नको. वर वाळलेल्या गवताचा पातळ थर द्या. पहिले मोड दिसले की गवत लगेच काढा, नाहीतर रोपं लांबट आणि नाजूक होतात.

5. बी जुनं किंवा घरचं आहे का?

मिरचीचं बी दमट जागी लवकर मरतं. घरचं बी धरायचं तर झाडावर पूर्ण लाल झालेल्या मिरचीचं धरा आणि सावलीत वाळवा. पत्र्यावर कडक उन्हात तापलेल्या मिरचीच्या बियाचा भरवसा नसतो. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी तेजस' किंवा 'पुसा ज्वाला' अशा सुधारित जातींचं बी घरी धरता येतं. संकरित मिरचीचं धरू नका, पुढची झाडं सारखी निघत नाहीत.

घरचं बी टाकण्याआधी रात्रभर कोमट पाण्यात भिजवलं तर लवकर फुगतं. पाकिटातलं रंगीत बी मात्र भिजवू नका. त्याला औषध लावलेलं असतं, ते धुऊन जातं. ते हाताळल्यावर हात साबणाने धुवा आणि लेकरं-कोंबड्यांपासून लांब ठेवा.

वाफा मोडण्याआधी

वाफ्याच्या चार कोपऱ्यांतून दोन-दोन बिया उकरा आणि नखाने दाबा. बी टणक आणि आतून पांढरं असेल तर थांबा, ऊब द्या. मऊ पडून पाणी सुटत असेल तर ते सडलं आहे. थंडीत तीन आठवडे तरी वाट बघा.

उगवण चाचणी

बी टाकण्याच्या दोन आठवडे आधी 100 बिया ओल्या सुती कापडात गुंडाळून चुलीजवळच्या उबदार जागी ठेवा. कापड सुकू देऊ नका. चौदाव्या दिवशी मोड आलेल्या बिया मोजा. प्रमाणित मिरची बियाण्याची किमान उगवण 60 टक्के धरलेली आहे. म्हणजे शंभरातल्या चाळीस उगवल्या नाहीत तरी बियाणं नापास होत नाही. रोपांचा हिशोब करताना हे धरा. महागड्या पाकिटातल्या 20 बिया घेतल्या तरी अंदाज येतो, त्यातल्या 12 तरी उगवायला हव्यात.

सगळी काळजी घेऊनही बी उगवलं नाही तर गप्प बसू नका. पावती, पाकीट, त्यावरचं लेबल आणि थोडं उरलेलं बी जपून ठेवा आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. पावतीशिवाय तक्रार टिकत नाही, म्हणून दुकानातून पक्की पावती घेतल्याशिवाय निघू नका.

पुढच्या बैठकीत करायचं काम

1. प्रत्येकीने घरच्या मिरचीच्या थोड्या बिया आणाव्यात. बैठकीतच चाचणीला लावू आणि दोन आठवड्यांनी मिळून मोजू.
2. बियाण्यासाठी कर्ज मागणाऱ्या ताईंना विचारा: चाचणी केली का? पावती आहे का? दोन्हीची नोंद इतिवृत्तात घ्या.

आणि मी पुन्हा घाईने "पाणी वाढवा" म्हटलं, तर मला आधी माती उकरून बघायला लावा.

पुढच्या अंकात: उगवलेली रोपं बुडातून कोलमडतात तेव्हा काय करावं.