पोदेर थांबत नाही

भाचीला नोव्हेंबरात तीन रात्री पणजीला राहायचं आहे. किनारा नको, खर्च बेताचा हवा आणि झोप हवी, एवढंच तिचं मागणं. मावशीची लग्नानंतरची तीस वर्षं पणजीत गेली, त्यातली पंधरा एका लहान गेस्ट हाऊसचे हिशेब लिहिण्यात. रविवारी दुपारी दोघींचं फोनवर झालेलं हे बोलणं.

भाची : मावशी, फोंताईन्हासमध्ये एक खोली बघितलीय. इतकी स्वस्त आहे की शंकाच येते.

मावशी : स्वस्त का आहे ते आधी समजून घे. ती घरं काही हॉटेलासाठी बांधलेली नाहीत. एका बाजूला आल्तिनोची टेकडी, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात ही वस्ती. पूर्वी तिथे माड होते. मोझांबिकमध्ये पैसा करून आलेल्या एका माणसाने अठराव्या शतकाच्या शेवटी ती बाग केली. लोक त्याला मोस्मीकरच म्हणायचे. पुढे घरं झाली. १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली, तशी वस्ती वाढत गेली. आता कित्येक घरांतली मुलं लिस्बनला, लंडनला नाहीतर मुंबईला. घरात दोन म्हातारी माणसं आणि सहा खोल्या. मग त्यातल्या चार पाहुण्यांना. जागा आजोबांची, भाडं कुणाला द्यायचं नाही. लिफ्ट नाही, रात्रभर काउंटरवर बसणारा माणूस नाही. सगळी बचत तिथेच.

भाची : आणि नावाचा अर्थ?

मावशी : लहान झरे. टेकडीच्या पायथ्याशी झरा आहे, त्यावरून पडलं. पण तू झऱ्याचं काय घेऊन बसलीस, बाथरूमचं विचार!

भाची : तेच विचारणार होते. ‘कॉमन’ लिहिलंय.

मावशी : म्हणजे पॅसेजमध्ये. दोन खोल्यांत एक असेल तर खुशाल घे. चार खोल्यांत एक असेल तर सकाळी आठ वाजता टॉवेल खांद्यावर टाकून उभी राहशील आणि आतला माणूस गाणं म्हणत असेल. गरम पाणी किती ते किती वाजेपर्यंत, तेही विचार. गीझरचं बटण बऱ्याच ठिकाणी मालकिणीच्या हातात असतं. आणि खोलीची खिडकी कुठे उघडते ते फोनवरच विचारून घे. मी एकदा दुसऱ्या गावी फोटोतला सुंदर सज्जा बघून खोली घेतली होती. सज्जा होता, पण शेजारच्या खोलीला. माझ्या खिडकीसमोर हातभरावर भिंत आणि तिच्यावर पाण्याचा पाइप.

भाची : अ‍ॅपवरून घेऊ की थेट फोन करू?

मावशी : हिशेबनीस म्हणून सांगते, बघ अ‍ॅपवर, पण ठरवण्याआधी एक फोन कर. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २०२५च्या सप्टेंबरपासून ५ टक्के जीएसटी आहे, त्याआधी १२ होता. घरवाल्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि त्याने जीएसटी नोंदणी घेतली नसेल, तर थेट घेतलेल्या खोलीवर कर लागत नाही. तीच खोली अ‍ॅपवरून घेतलीस की कर अ‍ॅपवाल्याला भरावा लागतो आणि त्याचं कमिशन वर. म्हणून तर घरवाले फोनवर गोड बोलतात. अर्थात पावती माग. गोव्यात पाहुणे ठेवणाऱ्याला १९८२च्या कायद्याने पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. तो दाखला भिंतीवर दिसला पाहिजे.

भाची : आधारची झेरॉक्स देऊन टाकू?

मावशी : पहिले आठ आकडे झाकलेली प्रत दे. त्यांना वहीत नाव-गाव लिहावंच लागतं. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवावी लागते. आमच्याकडे एकदा रात्री साडेदहाला चौघे आले आणि नेट बंद. मालकीणबाई रात्रभर जाग्या, पाहुणे मात्र घोरत होते.

भाची : मुद्दा तोच, झोप. शांत आहे ना तिथे?

मावशी : शांत आहे, पण ती शांतता गेस्ट हाऊसची नाही, गल्लीची आहे. पाहुणे नेमकं तेच विसरतात. पुण्या-मुंबईची बस तुला पहाटे पाचला कदंब स्टँडपाशी सोडणार. तिथून पाट्टोचा पूल ओलांडून चालत दहा-पंधरा मिनिटं. आता चाकांची बॅग त्या गल्लीतून ओढत नेलीस की काय आवाज होतो ऐकलायस कधी? दोन्ही बाजूंना घरं रस्त्याला चिकटून, झोपायच्या खोल्यांच्या खिडक्या तुझ्या खांद्याच्या उंचीवर. खड्‌खड्‌खड् करत एक बॅग गेली की अख्खी आळी उठते. वर्षातून एकदा नाही, हंगामात रोज. बॅग उचलून घे. उचलता येईल एवढीच आण.

भाची : पण पाचला पोचून करू काय? खोली तर बाराला मिळणार.

मावशी : आदल्या दिवशी सांगून ठेव. बॅग ठेवून घेतात, कधी दारापुढच्या बल्कांवात बसायला खुर्चीही देतात. पहाटे बेल मारून कुणाला उठवू नकोस. आणि वरच्या मजल्यावरची खोली मिळाली तर चपला दाराशी काढ. जमीन लाकडी फळ्यांची असते. तू वर कुशीवर वळलीस तरी खाली कळतं.

भाची : म्हणजे मलाही सगळ्यांचं ऐकू येणार!

मावशी : येणारच. भिंती चिऱ्याच्या, चांगल्या जाड, पण दारं-खिडक्या जुन्या. चॅपेलची घंटा, शेजारच्या आजोबांचा खोकला, मांजरांची भांडणं. कायद्याने रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. मांजरांना ते कुणी सांगितलेलं नाही.

भाची : फोटो काढायचे आहेत मला. त्या पिवळ्या, निळ्या भिंती...

मावशी : काढ, पण रस्त्यावर उभी राहून. कुणाच्या पायरीवर बसून, दाराच्या कडीला हात लावून नको. लग्नाआधीच्या फोटोंचे ताफे येतात, कपडे बदलायला आडोसा शोधतात, ड्रोन उडवतात. लोकांनी वैतागून पाट्या लावल्यात. त्या पाट्या वाचून बाहेरच्यांना राग येतो. मला विचारशील तर लोकांचं बरोबर आहे. भिंत रंगवायचा खर्च त्यांचा, पावसाळा संपला की दरवर्षी तेच.

भाची : नोव्हेंबर बरा ना?

मावशी : हवा उत्तम. पण २००४ पासून चित्रपट महोत्सव पणजीत भरतो आणि साधारण २० नोव्हेंबरला सुरू होतो. त्या आठवड्यात स्वस्त खोल्या विद्यार्थी आणि सिनेमावेडे आधीच अडवतात. पहिल्या पंधरवड्यात ये. नाताळ ते नवीन वर्ष तर विचारूच नकोस. पावसात निम्म्या भावात मिळेल, पण चादरी वाळत नाहीत, उशीलासुद्धा ओलीचा वास येतो.

भाची : आणि जेवण?

मावशी : एखाद्या घरी नाश्ता मिळतो, जेवण बाहेर. रात्री अकराच्या आत परत ये, नाहीतर फाटकाची किल्ली मागून घे. नाश्त्याचं मात्र ठरलेलं आहे. सकाळी साडेसहाच्या सुमारास पाव विकणारा पोदेर सायकलवरून येतो, पों पों करत. उंडो, पोई, कांकणं, सगळं टोपलीत. तो दारात उभा राहून वाट बघत नाही. सुटे पैसे उशाशी ठेव आणि हॉर्न ऐकलास की खाली पळ.